छत्तीस बाद, आणि तरीही यादीबाहेर

26 मे 1959. मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हार्वी हॅडिक्स त्या दिवशी फ्लूने बेजार होता. वय 33, चण लहानखुरी, टोपणनाव ‘किटन’. समोर मिलवॉकी ब्रेव्ह्ज, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीग जिंकलेला संघ. हँक एरन, एडी मॅथ्यूज, जो ॲडकॉक असे एकाहून एक धिप्पाड फटके मारणारे. सामना नऊ इनिंगचा, आणि दर इनिंगमध्ये तीन बाद झाले की संघाची फलंदाजीची पाळी संपते. हॅडिक्सने पहिल्या इनिंगमध्ये तिघांना बाद केलं. दुसऱ्या इनिंगमध्ये तिघांना. मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या... नऊ इनिंग संपल्या तेव्हा 27 जण बॅट घेऊन आले होते आणि 27 च्या 27 तसेच परत गेले होते. धाव काढायला फलंदाजाला एकामागून एक बेस गाठत परत यावं लागतं; इथे पहिल्या बेसलाही कुणाचा पाय लागला नव्हता.

याला परफेक्ट गेम म्हणतात. हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही, वॉक (चार चेंडू चुकीचे पडल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस) नाही, क्षेत्ररक्षकाची चूक नाही, कुणाच्या अंगावर चेंडू बसला नाही. कुणीही, कसंही, बेसवर पोचायचं नाही. अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, 1876 पासून दोन लाखांहून जास्त सामने झाले असतील, त्यांत परफेक्ट गेम फक्त 24. कुठल्याही पिचरला तो दोनदा साधलेला नाही.

त्या 24 मध्ये हॅडिक्सचं नाव नाही. कारण नवव्या इनिंगअखेर पायरेट्सच्या खात्यातही शून्यच होतं. बरोबरी, म्हणून सामना पुढे गेला. हॅडिक्सने दहाव्यात तिघांना बाद केलं, अकराव्यात तिघांना, बाराव्यात तिघांना. 36 फलंदाज, 36 बाद. एका सामन्यात इतकं लांबलचक निर्दोष पिचिंग त्याआधी कुणी केलं नव्हतं, त्यानंतरही कुणी केलेलं नाही. तेराव्या इनिंगमध्ये तो हरला.

मी पिट्सबर्गला राहते. इथे आले तेव्हा बेसबॉलमधलं होम रन सोडून मला काही कळत नव्हतं. पण सांगलीच्या आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातला क्रिकेटचा धावफलक मोठ्याने वाचला जायचा, त्यामुळे आकड्यांची गोडी अंगात मुरलेली. शेजारच्या आजोबांनी ती ओळखली आणि मला मैदानावर नेऊन स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. ही एक स्वतंत्र लिपीच आहे. पिचर 1, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर 2, मग पहिला, दुसरा आणि तिसरा बेस सांभाळणारे 3, 4 आणि 5, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप 6, बाहेरचे तिघे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, की त्याच्या चौकोनात ‘6-3’ लिहायचं. फलंदाजाला मारता न आलेला किंवा त्याने सोडलेला योग्य चेंडू म्हणजे स्ट्राइक; असे तीन झाले की स्ट्राइकआउट, त्यासाठी के. फलंदाजाने बॅट न फिरवता नुसतं बघत राहून तिसरा स्ट्राइक खाल्ला, तर तोच के उलटा काढायचा. क्षेत्ररक्षकाने चूक केली तर ‘ई’ आणि पुढे त्याचा आकडा. एवढंसं कार्ड, पण घरी येऊन ते वाचलं की प्रत्येक चेंडू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ते दिसतं.

हॅडिक्सचा सामना आजोबांनी शाळकरी वयात रेडिओवर ऐकला होता. त्या रात्रीबद्दल ते बोलायला लागले की मध्ये कुणी थांबवायचं नसतं. पिचर परफेक्ट गेमच्या वाटेवर असला की त्याच्या संघातलं कुणी त्या शब्दाचा उच्चार करत नाही, डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेत, त्याच्या शेजारी बसतसुद्धा नाहीत, ही या खेळातली जुनी समजूत. आपल्याकडे नजर लागेल म्हणून बोलत नाहीत, तसंच. हॅडिक्सला स्वतःला मात्र शेवटपर्यंत खात्री नव्हती. एकही हिट गेली नाही हे त्याला समोरच्या धावफलकावर दिसत होतं, पण मध्ये कधीतरी एखादा वॉक दिला असेल असं त्याला वाटत राहिलं, असं त्याने नंतर सांगितलं.

आता तेरावी इनिंग. पहिला फलंदाज फीलिक्स मँटिया. त्याने तिसऱ्या बेसकडे साधा जमिनी फटका मारला. डॉन होकने चेंडू नीट उचलला, पण पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू खाली, मातीत गेला. स्कोअरकार्डावर ई5. परफेक्ट गेम संपला, पण अजून हिट नव्हती. पुढच्या मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून, स्वतः बाद होत मँटियाला दुसऱ्या बेसवर पोचवलं. एरनला पायरेट्सनी मुद्दाम वॉक दिला. त्याच्यासमोर चेंडू टाकायचा धोका कशाला घ्यायचा! मग आला ॲडकॉक. हॅडिक्सचा स्लायडर, म्हणजे वळणारा चेंडू, थोडा वर राहिला आणि ॲडकॉकने तो उजव्या-मधल्या कुंपणापलीकडे घालवला.

म्हणजे होम रन, तीन धावा, 3-0? तसं झालं नाही. एरनला वाटलं चेंडू कुंपणाच्या आतच पडलाय, मँटिया आला म्हणजे सामना संपला. दुसऱ्या बेसला पाय लावून तो सरळ मैदानाबाहेर वळला. मागून धावत आलेला ॲडकॉक त्याच्यापुढे निघून गेला आणि नियमाप्रमाणे बाद ठरला. पंचांनी आधी 2-0 धरलं. नंतर नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी ॲडकॉकचा होम रनच काढून घेतला, त्याचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतची हिट) केला आणि सामन्याचा निकाल 1-0 असा पक्का केला.

ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे. मैदान रिकामं झाल्यावर, ऑफिसात बसून, नोंद बदलता येते. 1959 साली ती बदलली होती.

त्या रात्रीचा दुसरा पिचर, ब्रेव्ह्जचा लू बर्डेट, त्याची आठवण फार कमी लोक काढतात. त्याने पायरेट्सना 12 हिट्स दिल्या आणि धाव एकही दिली नाही. तोही तेरा इनिंग एकटा टाकत होता. हॅडिक्सने एकच हिट दिली आणि तो हरला. पुढे अनेक वर्षांनी ब्रेव्ह्जच्या बॉब बुलने आणखी एक गोष्ट उघड केली. पायरेट्सचा कॅचर स्मोकी बर्जेस पुरता खाली बसत नसे, त्यामुळे बोटांनी केलेल्या त्याच्या खुणा लांबून दिसत. ब्रेव्ह्जचे राखीव पिचर बुलपेनमधून, म्हणजे त्यांच्या सरावाच्या जागेतून, त्या टिपत आणि टॉवेल हलवून पुढचा चेंडू वेगवान की वळणारा ते आपल्या फलंदाजांना कळवत. एरन सोडून सगळ्यांनी त्या खुणांचा फायदा घेतला. म्हणजे पुढे काय येणार हे माहीत असूनही 36 जण बाद झाले! आजोबांना हे सांगताना आवाज चढवावा लागतो, आणि तो चढवण्याचा त्यांना हक्क आहे असं मला वाटतं.

होकचा राग येतो का, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी मला थेट पिट्सबर्गच्या ऑकलंड भागात नेलं. तिथे विद्यापीठाच्या इमारतींच्या गराड्यात पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या, फोर्ब्ज फील्डच्या, विटांच्या कुंपणाचा एक तुकडा अजून उभा आहे, आणि पोसवार हॉल नावाच्या इमारतीत जमिनीत काचेखाली त्या मैदानाची होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती पट्टी, जपून ठेवली आहे. मुलं दप्तरं अडकवून तिच्यावरून चालत वर्गात जातात. 13 ऑक्टोबर 1960 ला बिल मॅझरॉस्कीने याच प्लेटवरून न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये होम रन मारला आणि पायरेट्स 10-9 ने जगज्जेते झाले. त्या सामन्यात दोन्ही संघांचा मिळून एकही फलंदाज स्ट्राइकआउट झाला नाही; वर्ल्ड सिरीजमध्ये असं दुसऱ्यांदा घडलेलं नाही. दर वर्षी 13 ऑक्टोबरला लोक त्या कुंपणापाशी खुर्च्या टाकून जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्या चेंडूपासून ऐकतात. मॅझरॉस्की दुसऱ्या बेसवर, होक तिसऱ्या बेसवर. मिलवॉकीच्या त्या रात्री हॅडिक्सच्या मागे उभी असलेलीच ही माणसं. आणि मॅझरॉस्कीच्या फटक्याने जिंकलेल्या सामन्याचा विजय अधिकृत नोंदीत ज्या पिचरच्या नावावर लागला, तो नवव्या इनिंगमध्ये मदतीला आलेला हार्वी हॅडिक्स. यानंतर होकबद्दल मी पुन्हा विचारलं नाही.

बरीच वर्षं हॅडिक्सचा सामना परफेक्ट गेमच्या याद्यांमध्ये धरला जायचा. सप्टेंबर 1991 मध्ये मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखाली आकडेवारीच्या अचूकतेसाठी एक समिती बसली. तिने ठरवलं, की नो-हिटर म्हणजे नऊ किंवा जास्त इनिंगचा पूर्ण सामना, शेवटपर्यंत एकही हिट न देता. या व्याख्येने जुन्या नोंदींतले पन्नासेक नो-हिटर एका फटक्यात गळाले. पाचसहा इनिंगनंतर पावसाने थांबलेले सामने गेले, आणि बारा इनिंग परफेक्ट टाकलेला हॅडिक्सही त्यांच्याबरोबर गेला. तेव्हा तो हयात होता. ठीक आहे, मी काय केलं ते मला माहीत आहे, एवढंच तो म्हणाला. 1994 च्या जानेवारीत तो गेला.

त्याच समितीने त्याच बैठकीत रॉजर मॅरिसला न्याय दिला. 1961 मध्ये मॅरिसने 61 होम रन मारून बेब रूथचा 1927 चा 60 चा विक्रम मोडला. पण रूथच्या वेळी हंगाम 154 सामन्यांचा होता, मॅरिसच्या वेळी 162 सामन्यांचा, म्हणून तीस वर्षं दोघांची नोंद वेगवेगळी ठेवली गेली. समितीने ती एक केली. मॅरिस 1985 मध्येच वारला होता. एकाला त्याचं हक्काचं मिळालं, पण ते बघायला तो उरला नव्हता. दुसऱ्याचं गेलं ते त्याच्या डोळ्यांदेखत.

अर्नी शोरचं नावही याच झाडणीत गेलं. 23 जून 1917 ला बॉस्टनकडून पिचिंग सुरू केलं होतं खुद्द बेब रूथने. पहिल्याच फलंदाजाला वॉक मिळाला, रूथ पंचांशी भांडला, अंगावर धावून गेला, ठोसा मारला आणि बाहेर काढला गेला. घाईघाईने शोरला आणलं. बेसवरचा माणूस दुसरा बेस चोरायला गेला आणि बाद झाला, मग शोरने पुढच्या सलग 26 जणांना बाद केलं. त्याला यादीतून काढलं हे मला पटतं. पहिला माणूस बेसवर पोचला होता, मग त्याला आणणारा कुणी का असेना.

हॅडिक्सचं मात्र पटत नाही. समितीचं म्हणणं तर्काला धरून आहे, सामना संपेपर्यंत निकाल मोजायचा नाही हे मान्य. पण मग यादीतले 24 जण आणि हॅडिक्स यांच्यात फरक काय, ते बघा. त्या प्रत्येकाच्या संघाने नऊ इनिंगच्या आत निदान एक धाव काढली. हॅडिक्सच्या संघाने बारा हिट्स मारूनही काढली नाही. पिचरच्या हातात सगळ्यात कमी असलेली गोष्ट कुठली, तर आपल्या संघाची धाव, आणि नेमकी तीच या यादीची चाळणी ठरली आहे. 1995 मध्ये मॉंट्रियलच्या पेड्रो मार्टिनेझनेही नऊ इनिंग परफेक्ट टाकल्या होत्या. तेव्हाही 0-0 होतं. दहाव्यात त्याला धाव मिळाली, पण पहिल्याच फलंदाजाने डबल मारला. तोही यादीबाहेर.

अशा वेळी मराठी माणसाला भाऊसाहेब निंबाळकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443, ब्रॅडमनच्या 452 ला फक्त नऊ धावा कमी, आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. तिथेही हातातोंडाशी आलेला घास गेला, तो खेळाडूच्या हातात नसलेल्या कारणाने. कसोटी सामना त्यांना कधीच मिळाला नाही.

यादीत कोण आहेत ते पाहिलं की आणखी गंमत वाटते. पहिले दोन परफेक्ट गेम 1880 च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या अंतराने झाले, ली रिचमंडचा आणि जॉन माँटगोमेरी वॉर्डचा. नंतरचा थेट 1904 मध्ये, साय यंगचा. सगळ्यात गाजलेला यँकीजच्या डॉन लार्सनचा, 8 ऑक्टोबर 1956 चा, कारण वर्ल्ड सिरीजमधला तो एकमेव. लार्सन कुणी थोर पिचर नव्हता. दोनच वर्षांपूर्वी बाल्टिमोरकडून तो 3 सामने जिंकला आणि 21 हरला होता. त्याच वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात वॉकवर वॉक देत सुटल्यामुळे त्याला दोन इनिंगसुद्धा पूर्ण करू दिल्या नव्हत्या. पाचव्या सामन्याच्या सकाळी बुटात ठेवलेला चेंडू पाहून त्याला कळलं, की आज आपल्याला टाकायचंय. सातव्या इनिंगनंतर त्याने डगआउटमध्ये संघातल्या मिकी मँटलला विचारलं, जमेल का रे मला? मँटल उठून निघून गेला. शेवटचा फलंदाज डेल मिचेल, अख्ख्या कारकिर्दीत फक्त 119 वेळा स्ट्राइकआउट झालेला माणूस, अर्धवट फिरवलेली बॅट आवरून उभा राहिला आणि पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला. कार्डावर उलटा के. चेंडू बाहेर होता असं मिचेल शेवटपर्यंत सांगत राहिला. होम प्लेटमागे पंच म्हणून बेब पिनेली यांचा तो शेवटचा सामना होता.

1999 च्या जुलैमध्ये यँकी स्टेडियमवर योगी बेराचा सत्कार होता. लार्सनने मानाचा पहिला चेंडू टाकला आणि 1956 चा कॅचर बेराने तो झेलला. मग सामना सुरू झाला आणि यँकीजच्या डेव्हिड कोनने 88 चेंडूंत परफेक्ट गेम टाकला. हे दोघे समोर बसून बघत होते.

88 हा आकडा पुढेही आला. 2 जून 2010, डेट्रॉइट. टायगर्सचा व्हेनेझुएलन पिचर अर्मांडो गलारागा, काही आठवड्यांपूर्वीच खालच्या लीगमधून वर आणलेला. समोर क्लीव्हलँड. नवव्या इनिंगचा पहिला फटका मधल्या मैदानात खूप खोल गेला. ऑस्टिन जॅक्सन होम प्लेटकडे पाठ करून धावत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्याने झेलला. दुसराही बाद. 26. सत्ताविसावा जेसन डॉनल्ड. त्याने पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून जमिनी फटका मारला. पहिल्या बेसचा मिगेल कॅब्रेरा उजवीकडे सरकला, चेंडू उचलला, वळून फेकला. गलारागा धावत बेसवर आला, हातमोज्याच्या टोकात चेंडू पकडला, पाय बेसवर. डॉनल्डचा पाय अजून मागे होता. स्कोअरकार्डावर 3-1 लिहायला पेन टेकलं होतं हजारोंचं. पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

गलारागा हसला. त्याचं ते हसू मी व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि त्यात मला राग कुठेच सापडलेला नाही. कॅब्रेरा तणतणत होता, प्रेक्षक ओरडत होते, आणि हा चेंडू घेऊन परत माऊंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेला आणि अठ्ठाविसाव्या फलंदाजाला त्याने बाद केलं. 88 चेंडू, 28 बाद, नोंदीत एक हिट. सामन्यानंतर जॉइस यांनी खोलीत जाऊन टीव्हीवर तो चेंडू पाहिला, आणि गलारागाला बोलावून घेऊन रडत माफी मागितली. वार्ताहरांनाही त्यांनी स्वच्छ सांगितलं, मी त्या मुलाचा परफेक्ट गेम घालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी टायगर्सच्या व्यवस्थापकाने खेळाडूंची यादी पंचांना द्यायला मुद्दाम गलारागालाच पाठवलं. यादी घ्यायला उभे होते जॉइस. त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याच महिन्यात खेळाडूंच्या एका मतचाचणीत जॉइस यांनाच सर्वोत्तम पंच म्हणून कौल मिळाला.

या दोघांच्या मोठेपणाबद्दल इतकं बोललं गेलं, की मूळ प्रश्न बाजूला राहिला. डॉनल्ड बाद होता. जॉइस यांनी मान्य केलं, डॉनल्डचा पाय कुठे होता ते साऱ्या जगाने पाहिलं. कमिशनर बड सेलिग यांना निकाल बदलता आला असता आणि त्याने सामन्याचं काहीच बिघडलं नसतं, कारण तो सत्ताविसावा बळी होता, पुढचं सगळं आपोआप पुसलं गेलं असतं. त्यांनी बदलला नाही. पंचाचा मैदानावरचा निर्णय नंतर कचेरीत फिरवायचा नाही, हे तत्त्व मला कळतं. पण नोंदीत आज जी एक हिट आहे ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे ती लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. 2014 पासून अशा निर्णयांना व्हिडिओवरून आव्हान देता येतं. आज तो चेंडू झाला तर दोन मिनिटांत डॉनल्ड बाद ठरेल. गलारागाला दुरुस्ती मिळाली नाही, जनरल मोटर्सकडून एक कॉर्व्हेट गाडी मिळाली.

आजोबांशी माझा सध्याचा वाद मात्र जपानवरून आहे. 10 एप्रिल 2022 ला चिबा लोट्टे मरीन्सच्या 20 वर्षांच्या रोकी सासाकीने परफेक्ट गेम टाकला. 19 स्ट्राइकआउट, त्यांतले 13 लागोपाठ. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये 1994 नंतर असं घडलं नव्हतं. एका आठवड्याने, 17 एप्रिलला, तो पुन्हा उभा राहिला आणि आठ इनिंग पुन्हा परफेक्ट. दोन सामने मिळून सलग 17 इनिंग कुणी बेसवर नाही. पण लोट्टेनेही धाव काढली नव्हती, 0-0. सासाकीचे 102 चेंडू झाले होते. व्यवस्थापक तादाहितो इगुची यांनी त्याला बसवलं. लोट्टे दहाव्या इनिंगमध्ये 1-0 ने हरले.

आजोबा म्हणतात, इगुचींनी योग्य केलं. वीस वर्षांच्या पोराचा खांदा कुठल्याही यादीपेक्षा महाग. मला ते पटतं, पण पुरतं नाही. त्याला नववी टाकू द्यायला हवी होती, असंच मला वाटतं, आणि धाव नसेल मिळाली तर दहावीसुद्धा. यावर ते मला विचारतात, मग हॅडिक्सला कितव्या इनिंगला बसवलं असतंस? माझं उत्तर ठरलेलं आहे, तेराव्याच्या आधी कधीच नाही. ते मान हलवतात आणि पुढच्या रविवारच्या सामन्यासाठी माझ्या हातात कोरं स्कोअरकार्ड देतात.